नववा सीटी आणि डोळ्यातलं भिंग: शंट बसवलेल्या पाच वर्षांच्या मुलाचं प्रकरण

पहाटे दोनच्या सुमारास सासवडचं एक कुटुंब दिवे घाट उतरून हडपसरच्या बाजूच्या एका रुग्णालयात पोचलं. मुलगा पाच वर्षांचा. संध्याकाळपासून डोकं धरून बसलेला, चार उलट्या झालेल्या, हाक मारली की डोळे उघडतो आणि पुन्हा मिटतो. जन्मापासून मेंदूतलं पाणी वाहून नेणारी वाट अरुंद. चौथ्या महिन्यात डोक्यातून पोटात पाणी नेणाऱ्या नळीचा शंट बसवला आणि दोन वर्षांचा असताना तो एकदा बदलावा लागला. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी जीसीएस (शुद्धीचं माप, १५ पैकी) १४ नोंदवला आणि कागदावर लिहिलं, ‘सीटी ब्रेन प्लेन, अर्जंट’, म्हणजे मेंदूचा साधा सीटी स्कॅन, तातडीने.

(प्रकरण शिकवण्यासाठी रचलेलं आहे, मुलगा कुणा एकाचा नाही. मात्रेचे आकडे मात्र रोजच्या कामात दिसतात तेच.)

सीटी हवा होता याबद्दल वाद नाही. शंट तुंबल्याची शंका असेल तर मेंदूवरचा दाब काही तासांत जिवावर बेतू शकतो. अशा वेळी किरणांच्या भीतीने तपासणी लांबवणं म्हणजे घर जळत असताना पाणी मोजून टाकणं. तपासायचं होतं ते दुसरंच: आधीच्या आठ सीटींत या मुलाच्या डोळ्यांतल्या भिंगांना किती किरण मिळाले (त्यांनी पुढे मोतीबिंदू होऊ शकतो), आणि नववा सीटी डोळे वाचवून कसा घ्यायचा.

निळ्या पिशवीतले कागद

आईच्या हातात निळी प्लॅस्टिकची पिशवी होती. फिल्मा, तीन सीड्या, डिस्चार्ज कार्डं, मेडिकलची बिलं, सगळं एकत्र कोंबलेलं.

‘ताई, हे सगळे सीटीच आहेत का?’

‘त्यात एखादा एमआरआय असंल. मला काळ्या फिल्मा सगळ्या सारख्याच दिसतात.’

एमआरआय त्यात एकही नव्हता. मुलाला कॅज्युअल्टीतून खाली आणेपर्यंत दहा मिनिटं होती. तेवढ्यात टेक्निशियनने सीड्या कन्सोलवर लावल्या आणि प्रत्येक तपासणीच्या शेवटी असलेलं मात्रेचं पान उघडलं. या पानावर दोन आकडे असतात. सीटीडीआय-व्हॉल म्हणजे त्या सेटिंगला मशीन सरासरी किती मात्रा देतं ते, मिलिग्रे या किरणांच्या मात्रेच्या एककात. डोक्याच्या तपासणीत तो १६ सेंटीमीटर व्यासाच्या प्लॅस्टिकच्या दंडगोलावर मोजलेला असतो. दुसरा डीएलपी, म्हणजे तीच मात्रा गुणिले किरण पडलेली लांबी.

भिंग थेट किरणात आलं की त्याला मिळणारी मात्रा साधारण सीटीडीआय-व्हॉलच्या जवळपास असते. तान्ह्या बाळाचं डोकं १६ सेंटीमीटरपेक्षा लहान असल्यामुळे त्याच्या बाबतीत हा आकडा थोडा कमीच बोलतो. भिंग किरणाच्या बाहेर असेल तर फक्त विखुरलेले किरण पोचतात आणि मात्रा काही मिलिग्रेवर येते. म्हणजे कवटीच्या तळाशी दोन-तीन सेंटीमीटर इकडे की तिकडे, यावर दहापट फरक.

आठ तपासण्यांचा हिशेब, सीटीडीआय-व्हॉलच्या मिलिग्रेमध्ये, असा निघाला. पहिल्या दोन, शंटच्या आधीची आणि नंतरची, प्रत्येकी ३१. नवव्या महिन्यातली ५८ आणि चौदाव्या महिन्यातली पुन्हा ५८. दोन वर्षांचा असताना शंट बदलण्याआधी ३८, बदलल्यावर ३८. तिसऱ्या वर्षीच्या तपासणीची फक्त फिल्म, मात्रेचं पान नाही. आठवी सव्वाचार वर्षांचा असताना, ४२, आणि ती दोनदा घेतलेली.

यातल्या एकाच तपासणीत, शंट बदलण्याआधीच्या पाचव्या, डोळ्यांचे गोळे चित्रात नव्हते. ज्याने ती घेतली त्याने हनुवटी नीट खाली घेतली होती, म्हणून डोळे किरणाच्या हद्दीबाहेर राहिले. बाकी सगळ्यांत खालच्या कापांमध्ये (सीटीच्या थराथराच्या चित्रांमध्ये) दोन्ही भिंगं स्वच्छ दिसत होती, अगदी रेखीव. मेंदूच्या तपासणीत भिंगं इतकी छान दिसावीत, हे काही कौतुकाचं नव्हे.

नवव्या महिन्यात काय चुकलं

सगळ्यात जास्त शिकवणारी तपासणी हीच, म्हणून तिच्यापाशी जरा थांबू.

सीडीतल्या माहितीत प्रोटोकॉलचं, म्हणजे आधीच ठरवून ठेवलेल्या सेटिंगचं, नाव होतं ‘ब्रेन रूटीन’, १२० केव्ही (किरणांचा भेदकपणा ठरवणारा विद्युतदाब), प्रौढांची सेटिंग. कन्सोलवर यादी उघडली की सगळ्यात वर तेच असतं. लहान मुलांची यादी वेगळ्या खुणेखाली, आणखी दोन क्लिक आत. युरोपीय आयोगाने २०१८ मध्ये मुलांसाठी संदर्भ पातळ्या छापल्या. डोक्याच्या सीटीसाठी तीन महिने ते एक वर्ष या वयाला सीटीडीआय-व्हॉल २८ आणि डीएलपी ३८५. एक ते सहा वर्षांना ४० आणि ५०५. सहाच्या पुढे ५० आणि ६५०. या पातळ्या म्हणजे कमाल मर्यादा नव्हेत. त्याच्या वर वारंवार जात असाल तर आपलं काय चुकतंय ते पाहा, एवढाच त्यांचा अर्थ. इथे ५८, म्हणजे दुपटीहून जास्त.

डीएलपी त्याहून बोलका. आकडा होता ११०२. तो ५८ ने भागला की १९ सेंटीमीटर येतात. नऊ महिन्यांच्या बाळाला कवटीच्या तळापासून टाळूपर्यंत बारा-एक सेंटीमीटर पुरतात. चित्रं मोजली तर १६ सेंटीमीटरची भरली, जबड्याच्या खालपर्यंत. उरलेले तीन सेंटीमीटर कुठे गेले? हेलिकल पद्धतीत, म्हणजे टेबल सरकत असताना मशीन सलग फिरतं तेव्हा, पहिलं आणि शेवटचं चित्र तयार करायला मशीनला ठरवलेल्या हद्दीच्या बाहेरही थोडं फिरावं लागतं. तो भाग पडद्यावर दिसत नाही, पण मुलाला मिळतो. म्हणून हेलिकलमध्ये ‘चित्रात डोळे नाहीत’ म्हणजे ‘डोळ्यांना काही मिळालं नाही’ असं समजू नये. हद्द डोळ्यांना लागून असेल तर ते त्या जादा फेऱ्यात सापडतात.

डीएलपीला सीटीडीआय-व्हॉलने भागण्याचं हे गणित कोणत्याही पालकाला मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर जमतं. रेडिओलॉजी विभागात ते रोज कुणी करत असेल तर आनंदच आहे.

डोळ्यांवरची ढाल आणि दुसरी फेरी

आठव्या तपासणीचा दोष वेगळ्या जातीचा. तिथे कुणीतरी काळजीनेच मुलाच्या डोळ्यांवर किरण अडवणाऱ्या बिस्मथ धातूची ढाल ठेवली होती. रबरासारखी पट्टी, खाली फोम. चार वर्षांच्या पोराला ती डोळ्यांवर सहन झाली नाही. किरण सुरू असताना त्याने हात वर नेला, डोकं वळलं, चित्रं हलली. दुसऱ्या फेरीत पट्टी काढून टाकली.

हिशेब करू. बिस्मथ भिंगाची मात्रा ३० ते ४० टक्के कमी करतं. पहिल्या फेरीत ४२ च्या जागी २७ धरू, दुसऱ्यात पूर्ण ४२. एकूण ६९. पट्टीने पंधरा वाचवले आणि बेचाळीस घालवले.

ढालीचे इतर त्रासही आहेत. तिच्यामुळे मेंदूच्या पुढच्या भागावर पट्टे उमटतात. ती स्कॅनोग्रामच्या (हद्द ठरवण्यासाठी सुरुवातीला घेतात त्या साध्या चित्राच्या) आधी ठेवली आणि मशीन आपोआप करंट, म्हणजे किरणांचं प्रमाण, ठरवत असलं, तर समोर जाड काहीतरी आहे असं समजून ते करंट वाढवतं, म्हणजे ढाल लावल्याची शिक्षा. अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्येच सांगितलं की मात्रा कमी करायचे दुसरे मार्ग असताना बिस्मथचा विचार नंतर करा. काही मशीनांत किरण सोडणारी नळी चेहऱ्यासमोरून जाते तेवढ्या टप्प्यात करंट उतरवायची सोय असते. ती असेल तर ढालीपेक्षा बरी. पण भिंग किरणाबाहेर काढता येत असेल तर या दोन्हींची गरजच उरत नाही. आमचं मत स्पष्ट आहे: मेंदूच्या साध्या सीटीत बिस्मथची पट्टी कपाटात राहिलेलीच चांगली.

एकूण किती, आणि त्याचा अर्थ

डोळे किरणात आलेल्या तपासण्यांची बेरीज: ३१, ३१, ५८, ५८, ३८ आणि ६९, म्हणजे २८५. पान नसलेल्या सातव्या तपासणीच्या फिल्मवर भिंगं दिसत होती. तिथे वयानुसार ४० धरले. एकूण सुमारे ३२५ मिलिग्रे.

आंतरराष्ट्रीय किरण संरक्षण आयोगाने २०११ मध्ये भिंगासाठीचा उंबरठा ५०० मिलिग्रेवर आणला. याचा अर्थ ४९९ ला सुरक्षित आणि ५०१ ला मोतीबिंदू असा नाही. या मात्रेनंतर, वीस वर्षं किंवा त्याहून जास्त काळ गेल्यावर, सुमारे एक टक्का लोकांत मोतीबिंदू दिसेल, असा तो हिशेब आहे. मात्रा एकदम मिळाली की थोडी थोडी, यात आयोगाने फरक केलेला नाही. म्हणूनच बेरीज करायची. त्याच वेळी किरणांशी काम करणाऱ्यांसाठी भिंगाची मर्यादा वर्षाला १५० वरून सरासरी २० मिलिसिव्हर्टवर (इथे एक मिलिसिव्हर्ट म्हणजे एक मिलिग्रेच धरा) आणायला आयोगाने सांगितलं. रुग्णांना अशी मर्यादा लागू होत नाही, आणि होऊही नये. नाहीतर याच मुलाला त्या रात्री तपासणी नाकारावी लागली असती. पण तुलनेसाठी आकडा डोळ्यांसमोर असावा.

भिंगाचं दुखणं असं की त्यातून काहीच बाहेर टाकलं जात नाही. पुढच्या आवरणाखाली पेशींचा एकच थर असतो. कडेच्या पेशी आयुष्यभर विभागतात आणि त्यांचे तंतू होतात. किरणांनी बिघडलेल्या पेशींचे तंतू नीट घडत नाहीत, त्या मागे सरकत मागच्या आवरणापाशी साठतात. म्हणून किरणांचा मोतीबिंदू बहुधा भिंगाच्या मागच्या बाजूला, मध्यभागी धरतो. उन्हात आणि समोरून येणाऱ्या गाड्यांच्या दिव्यांत आधी त्रास देतो. लहान मुलात या पेशी जोमाने वाढत असतात आणि पुढे आयुष्यही लांब असतं.

डोळ्यांच्या नादात मेंदू विसरायचा नाही. ब्रिटनमधल्या १ लाख ७८ हजारांहून अधिक मुलांचा आणि तरुणांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. दहा वर्षांखालच्या १०,००० मुलांचा डोक्याचा सीटी झाला तर पुढच्या दशकात साधारण एक जादा रक्ताचा कर्करोग आणि एक जादा मेंदूची गाठ, असा त्याचा अंदाज होता. हनुवटी खाली घेऊन भिंग वाचतं, मेंदू वाचत नाही. त्यासाठी मात्रा उतरवणं आणि तपासण्यांची संख्या घटवणं, एवढेच दोन मार्ग.

नववी तपासणी कशी घेतली

एमआरआयचा टेक्निशियन रात्री घरी असतो. बोलावून मशीन तयार होईपर्यंत तास गेला असता. मूल गुंगत चाललेलं. सीटीच घ्यायचा ठरला, पण शंटसाठी ठेवलेल्या कमी मात्रेच्या सेटिंगवर. इथे प्रश्न एकच असतो: पाण्याच्या पोकळ्या आधीपेक्षा मोठ्या झाल्या का? त्यासाठी करडा आणि पांढरा भाग बारकाईने वेगळा दिसायची गरज नाही. चित्र थोडं खरखरीत चालतं. १०० केव्ही, करंट ठरावीक, पाच मिलिमीटरचे काप, सीटीडीआय-व्हॉल १८. पद्धत अ‍ॅक्सियल, म्हणजे टेबल थांबवून एकेक टप्पा; तिला हेलिकलपेक्षा काही सेकंद जास्त लागतात, पण दोन्ही टोकांना जादा फेरे नसतात. मूल तडफडत असतं तर हेलिकल निवडावं लागलं असतं, कारण हललेली अ‍ॅक्सियल पुन्हा घेणं सगळ्यात महाग.

आता हनुवटी. एकूण काम दोन मिनिटांचं, पण क्रम चुकला की फुकट.

आधी गळ्यातला ताईत आणि काळा दोरा काढला. सरळ झोपलेल्या मुलात ताईत छातीवर असतो म्हणून कुणी लक्ष देत नाही. हनुवटी खाली आली की तो नेमका जबड्यापाशी येतो आणि त्याच्या धातूचे पट्टे चित्रभर पसरतात. कानातल्या बाळ्याही काढल्या. मग मुलाला खांद्यापासून चादरीत गुंडाळलं, हात आत. डोकं डोक्याच्या साच्यात ठेवलं आणि मागच्या उंचवट्याखाली फोमची एक पट्टी सरकवली, इंचभर जाड. शंटची झडप उजव्या कानामागे होती. पट्टी तिच्यावर येऊ नये म्हणून ती डावीकडे कापलेली घेतली. अजून अर्ध्या इंचाची दुसरी. कपाळावरून पट्टा.

इथे नेहमी होणारी चूक: डोक्याखाली दीड इंच घातले की डोकं तेवढंच वर गेलं. टेबल तेवढं खाली घ्यायला हवं, लेझरची आडवी रेघ पुन्हा कानाच्या छिद्राच्या पातळीवर आणायला हवी. ते राहिलं तर डोकं केंद्राबाहेर जातं आणि मात्रा व चित्र दोन्ही बिघडतात.

स्कॅनोग्राम बाजूचा, एकच. समोरचा लागत नाही. त्यावर भुवईखालच्या हाडाच्या वरच्या कडेपासून कवटीच्या तळाच्या छिद्राच्या मागच्या कडेपर्यंत रेघ ओढली. ती टेबलाला काटकोनात उभी आली, म्हणजे भिंगं रेघेच्या खाली राहिली. आली नसती तर उरलेला कोन गॅन्ट्री, म्हणजे मशीनचं गोल कडं, कलवून काढायचा. अनेक मशीनांवर हे फक्त अ‍ॅक्सियलमध्ये होतं, काहींत गॅन्ट्री कलतच नाही. तिथे सगळी भिस्त फोमच्या पट्टीवर. रेघेपासून टाळूपर्यंत १३ सेंटीमीटर. १८ गुणिले १३, डीएलपी २३४.

आई शिशाचा एप्रन घालून पायांच्या बाजूला उभी होती. गुंगलेल्या मुलाची हनुवटी खाली घेतली की श्वासाची वाट अडू शकते, म्हणून बोटाला ऑक्सिजनचा चिमटा, आणि नजर त्या आकड्यावर. ९४ च्या खाली गेला तर पट्टी काढायची, डोळे किरणात आले तरी चालतील, हे आधीच ठरलेलं.

आणि जिथे हे मुळीच करायचं नाही ती जागा: पडून किंवा अपघाताने डोक्याला मार लागलेलं मूल, मानेला इजा झाली असण्याची शंका असताना. तिथे मान वाकवायची नाही. कलवायची ती गॅन्ट्री. अशा मुलांना मुळात सीटी हवा का, याचे निकष २००९ च्या ४२,४१२ मुलांच्या अमेरिकन अभ्यासातून आले आहेत. दोन वर्षांवरचं मूल शुद्धीवर आहे, वागणं नेहमीसारखं, उलटी नाही, बेशुद्ध झालं नव्हतं, डोकं फार दुखत नाही, कवटीचा तळ मोडल्याची खूण नाही आणि आपटणंही जोराचं नव्हतं, तर महत्त्वाच्या इजेची शक्यता ०.०५ टक्क्यांहून कमी. तिथे सीटी नको, हे आईवडिलांना समजावून सांगायला दहा मिनिटं लागतात, सीटीला पाच. म्हणून सीटी होतो.

पुढे काय झालं

पोकळ्या मोठ्या झाल्या होत्या. हे छातीठोकपणे सांगता आलं ते आठव्या तपासणीची सीडी शेजारी लावली म्हणून. शंटच्या मुलांत एकट्या चित्रावरून फारसं ठरत नाही. काहींच्या पोकळ्या कायमच मोठ्या असतात. जुनं चित्र हाताशी नसेल तर ‘दोन दिवसांनी पुन्हा बघू’ होतं आणि एक सीटी वाढतो. न्यूरोसर्जननी सकाळी वरची नळी बदलली.

या तपासणीत भिंगांना विखुरलेल्या किरणांचे साधारण तीन मिलिग्रे पोचले, असा आमचा अंदाज. नेहमीच्या पद्धतीने घेतली असती तर चाळीस.

ऑपरेशननंतरची तपासणी एमआरआयवर केली. एका फटक्यात काप घेणारे टी-टू क्रम (यात पाणी पांढरं दिसतं), तीन दिशांना, प्रत्येकी मिनिटभराच्या आत. भूल नाही, कानात बोळे आणि पायाशी वडील. ‘मुलाचा एमआरआय म्हणजे भूल’ हे समीकरण या कामापुरतं जुनं झालं आहे. नळीचं टोक सीटीइतकं ठळक दिसत नाही, हा त्याचा उणेपणा. शंटची झडप चुंबकाने जुळवायच्या प्रकारची असेल तर एमआरआयनंतर तिचं सेटिंग तपासून घ्यावंच लागतं. या मुलाची ठरावीक दाबाची होती, तरी तिचं कार्ड आधी पाहिलं. टाळू भरायच्या आत, म्हणजे साधारण पहिलं वर्ष-दीड वर्ष, टाळूवरून सोनोग्राफी होऊ शकते. या मुलाच्या नवव्या महिन्यातला ५८ चा सीटी ठरलेल्या पाहणीसाठी होता. तिथे सोनोग्राफी चालली असती.

विभागात दोन बदल झाले. मुलांचे प्रोटोकॉल यादीत सगळ्यात वर आणले, आणि नोंदणीच्या खिडकीवर वय विचारायच्या ऐवजी जन्मतारीख विचारायला लागले. ‘नऊ’ एवढंच ऐकून महिन्यांच्या जागी वर्षं टाइप होणं ही फार साधी गोष्ट आहे.

फाइलच्या आतल्या पुठ्ठ्यावर एक कागद चिकटवला: तारीख, तपासणी, सीटीडीआय-व्हॉल, डीएलपी, डोळे आत की बाहेर. नऊ ओळी. सातवीसाठी त्या केंद्राला फोन केला, पण जुनी माहिती पुसली गेली होती. तिथे ‘मात्रेचं पान नाही, डोळे आत’ असं लिहिलं. त्याखाली न्यूरोसर्जनची सूचना: पोकळ्या पाहायच्या असतील तर आधी जलद एमआरआय, रात्री-अपरात्री सीटीच लागला तर शंटची सेटिंग, हनुवटी खाली.

नेत्रतज्ज्ञांकडे हा मुलगा तसाही जातो, डोळ्याच्या पडद्यावरची नस सुजली का ते पाहायला. त्याच भेटीत बाहुली मोठी करून स्लिट लॅम्पवर (डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकावर) भिंगाची मागची बाजूही वर्षातून एकदा पाहावी, एवढी ओळ चिठ्ठीत घातली. नेत्रतज्ज्ञांच्या पहिल्या तपासणीत भिंगं स्वच्छ होती. आईला कशावर लक्ष ठेवायचं ते असं सांगितलं: दारातून उन्हात आल्यावर तो डोळे बारीक करून एक डोळा झाकतो का, टीव्हीच्या फार जवळ जाऊन बसतो का. ‘बसतो की,’ ती म्हणाली, ‘पण ते तर त्याचा मोठा भाऊ पण बसतो.’ नेत्रतज्ज्ञांनी दोघांच्याही चष्म्याचा नंबर काढायला सांगितला.